रेघ वाकडी आहे हे सांगणार कोण?

डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आलेली मुलं सीनिअर्सना तीन गोष्टी हमखास विचारतात, रोज किती तास ड्रॉइंग करायचं, पेन्सिल कुठली घ्यायची आणि हात कधी बसतो. मी फाउंडेशन, म्हणजे हे पहिलं वर्ष, संपवून पुढे सरकल्यापासून हे मेसेज माझ्याकडेही यायला लागलेत आणि प्रत्येकाला तेच तेच टाइप करायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच इथे लिहून टाकते.

तासांचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या बॅचमध्ये रीमच्या रीम संपवणारी मुलं होती आणि त्यातल्या काहींचे खोके पहिल्या आठवड्यात जसे कलंडलेले असायचे तसेच वर्षाच्या शेवटीही कलंडलेलेच होते, फरक एवढाच की आता ते फार सफाईने कलंडायचे. म्हणजे हात बसला होता, पण चुकीच्या जागी बसला होता, आणि एकदा तसा बसला की उठवायला दुप्पट त्रास. याउलट कमी काढणारी एक-दोन जणं होती जी प्रत्येक पान झालं की त्याच्यावर लाल पेन घेऊन बसायची, स्वतःच स्वतःचा पेपर तपासल्यासारखी, आणि ती भराभर पुढे गेली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की फाउंडेशनमधल्या प्रत्येक एक्सरसाइझला जोडून त्याची एक तपासणी असते. ती माहीत असेल तर सर समोर नसतानाही आपलं आपल्याला कळतं की काय गंडलंय आणि नेमकं कुठे. ती माहीत नसेल तर आपण नुसते कागद काळे करतोय. शिकवताना एक्सरसाइझ सांगितली जाते, तपासणी मात्र बऱ्याचदा राहून जाते, कारण वर्गात वीस-तीस जण असतात आणि सर फिरत फिरत येऊन स्वतःच चूक दाखवून जातात. मग सवय लागते की चूक दाखवणं हे सरांचं काम.

हे काही मी शोधलेलं नाही. इटलीतल्या अल्बर्टीने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला त्यातच चित्रातले दोष बघायला आरसा वापरा असं सांगून ठेवलंय, आणि लिओनार्दोच्या टिपणांमध्येही तोच सल्ला आहे. चित्र आरशात उलटं दिसतं, आणि इतका वेळ बघून बघून सरावलेल्या डोळ्याला ते अचानक परक्याचं वाटायला लागतं, मग एक डोळा वर गेलाय, बाटली डावीकडे झुकलीय, हे सगळं एकदम दिसतं. आता फोनवर फोटो काढून फ्लिप केला की झालं, दोन सेकंदांचं काम. पण बहुतेक जण फ्लिप करतच नाहीत, कारण दिसेल ते आवडणार नाही हे आतून माहीत असतं.

त्याच्याही आधीचा, मला सगळ्यात आवडणारा किस्सा फ्लॉरेन्सचा वास्तुकार ब्रुनेलेस्की याचा. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने फ्लॉरेन्सच्या बाप्टिस्टरीचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या इमारतीचं, चित्र एका फळीवर पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे लांबचं लहान दिसतं तसं, काढलं आणि त्या फळीला चक्क भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा आणि दुसऱ्या हातात समोर आरसा धरायचा, आरशात चित्र दिसणार, आरसा खाली घेतला की समोर खरी इमारत. आपण पर्स्पेक्टिव्ह शिकताना एवढंच ऐकतो की त्याने ते दाखवून दिलं, पण बघा ना, त्याने चित्रासोबत चित्र तपासायचं यंत्रही बनवलं होतं! खरं आणि काढलेलं एकाच जागेवरून, एकाच डोळ्याने, लगेच पाठोपाठ बघायचं. यापेक्षा चांगला क्रिट, म्हणजे कामाची चिरफाड, कुठला.

आता रेघेपासून सुरू करते. दोन ठिपके द्यायचे, हात कागदाच्या वरच्या वर दोन-तीनदा त्या वाटेने फिरवायचा आणि मग एकाच दमात रेघ ओढायची, नजर हातावर नाही तर पोचायच्या ठिपक्यावर ठेवायची. मनगटातून नाही, खांद्यातून, कारण मनगटाला स्वतःचा एक वळसा असतो आणि लांब रेघ कमानीसारखी वाकते. हे सगळीकडे सांगतात. तपासायचं कसं तर सुतार जसा फळी डोळ्यापाशी धरून तिच्या कडेवरून नजर टाकतो तसा कागद डोळ्याच्या पातळीला आडवा धरायचा आणि रेघेच्या लांबीकडून बघायचं. वरून सरळ वाटणारी रेघ तिथून बघितली की तिचा पोटाचा फुगवटा स्पष्ट दिसतो. आणि प्रत्येकाचा फुगवटा ठराविक बाजूला असतो, माझा कायम उजवीकडे. एकदा ते कळलं की निम्मं काम झालं, कारण मग मुद्दाम थोडं उलट्या बाजूला खेचायचं आणि रेघ सरळ यायला लागते.

यासाठी बॉलपेन घ्या. खोडता येत नाही म्हणून चुकीची रेघ पानावर राहते आणि तिची तपासणी करता येते, खोडरबराने पुरावाच नष्ट होतो. पेन्सिलीबद्दल विचारलंच आहे तर एचबी, २बी आणि ६बी एवढं पुष्कळ झालं. एच म्हणजे कडक आणि बी म्हणजे काळी, आतल्या कांडीत ग्राफाइट आणि माती किती किती आहे यावर ते ठरतं, माती जास्त तर पेन्सिल कडक. ही मिसळून भाजायची युक्ती कॉन्टेची, १७९५ मधली, आणि अजून तीच चालू आहे. मोठे सेट घेऊ नका, त्यातल्या अर्ध्या पेन्सिली पाच वर्षांनी पण अख्ख्याच्या अख्ख्या सापडतात.

जाता जाता, कंपासपेटीतला गुण्या खरंच काटकोनी आहे का हेही तपासता येतं हे मला फाउंडेशनमध्येच कळलं. एका सरळ पट्टीला गुण्या टेकवून उभी रेघ मारायची, मग गुण्या पलटी करून त्याच बिंदूपासून परत उभी रेघ मारायची. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक त्या गुण्यात. मॉडेल मेकिंगला माउंटबोर्ड कापायच्या आधी हे जरूर करा, कारण तिथे एक अंश जरी इकडेतिकडे झाला तरी चौथी भिंत मिटत नाही आणि मग आपण बिचाऱ्या गमला शिव्या घालत बसतो. आणि हो, बोर्ड कापताना एका घावात कापायला जाऊ नका, हलक्या हाताने चार-पाच वेळा कटर फिरवा, कड सरळ येते आणि बोटंही राहतात.

आता खोके. खोका म्हणजे फाउंडेशनचा प्राण आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण खुर्ची असो, कॅमेरा असो, बस असो, सगळं आधी खोक्यात बसवून मग त्यातून कापून काढायचं असतं. खोका फ्रीहँड काढायचा, आतल्या न दिसणाऱ्या कडाही काढायच्या, काचेचा असल्यासारखा. मग दुसऱ्या रंगाचं पेन घ्यायचं आणि प्रत्येक दिशेच्या चार-चार कडा आपल्यापासून लांब जाणाऱ्या बाजूला वाढवत न्यायच्या. एका दिशेच्या चारही रेघा कुठेतरी एकत्र यायला हव्यात, किंवा पान संपलं तरी एकमेकींकडे झुकत असलेल्या दिसायला हव्यात. तीन रेघा शहाण्यासारख्या एका जागी जातात आणि चौथी मध्येच कुणाला तरी छेदून निघून जाते, हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं. ती चौथी बहुतेक मागच्या कोपऱ्यातली असते, जो कोपरा आपल्याला दिसत नाही आणि म्हणून आपण अंदाजपंचे टाकतो. आणि कधीकधी रेघा लांब जाताना जवळ यायच्या ऐवजी फाकत जातात, म्हणजे खोका मागच्या बाजूला मोठा झाला. लाल रेघा काढेपर्यंत तोच खोका छान वाटत होता, ही खरी गंमत.

एक पान झालं की लगेच दुसरं पान सुरू करायचं नाही. आधी लाल रेघा, मग एका ओळीत लिहायचं की चूक कुठल्या दिशेच्या कडांमध्ये जास्त आहे, आणि पुढच्या पानावर फक्त तेवढंच लक्षात ठेवायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण काढतानाच तपासायला गेलात तर रेघ अडखळते, म्हणून काढताना बिनधास्त काढायचं आणि तपासताना निर्दयपणे तपासायचं, दोन्ही कामं एकाच वेळी करायची नाहीत.

खोक्यांमध्ये आणखी एक भानगड असते. व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे एका दिशेच्या कडा जिथे एकत्र येतात ते बिंदू, दोन्ही पानाच्या आतच घेतले की खोका चमत्कारिक टोकदार दिसायला लागतो, सगळे नियम पाळलेले असतात तरी डोळ्याला टोचतो. याची तपासणी शाळेच्या भूमितीत आहे, अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे आठवतंय का, तेच. दोन व्हॅनिशिंग पॉइंट जोडणारी रेघ व्यास धरून वर्तुळ काढा. खोक्याच्या वरच्या पृष्ठाचा आपल्याकडचा जवळचा कोपरा त्या वर्तुळाच्या आत असेल तर तिथला कोन ९० अंशांपेक्षा मोठा दिसतो, ठीक आहे. कोपरा वर्तुळाच्या बाहेर गेला की कोन ९० पेक्षा लहान होतो आणि खऱ्या खोक्याकडे समोरून बघताना असा कोन दिसत नाही, म्हणून डोळा तक्रार करतो. उपाय सोपा, पॉइंट लांब न्या, पानाच्या पार बाहेर. दहावीत हे प्रमेय घोकताना कुणी सांगितलं असतं की याचा असा उपयोग आहे तर जरा तरी मन लावून केलं असतं.

होरायझन म्हणजे काय यावरही लोक गोंधळतात. होरायझन म्हणजे तुमच्या डोळ्याची उंची, बस. खाली बसलात की तोही खाली बसतो, स्टुलावर चढलात की वर चढतो. समोर उभी माणसं काढायची असतील आणि सगळ्यांची उंची साधारण तुमच्याएवढीच असेल तर सपाट जमिनीवर जवळचा असो की लांबचा, प्रत्येकाचे डोळे त्या एकाच रेघेवर येणार, पाय मात्र वरखाली होणार. गर्दीचं स्केच तपासायला एवढी एक गोष्ट पुरते.

लंबवर्तुळ, म्हणजे एलिप्स, हा खोक्याचा खडूस मोठा भाऊ. समोर हँडलवाला मग ठेवा आणि काढा. नव्वद टक्के मग एकाच प्रकारे चुकतात (टक्केवारी माझी, मनातली), वरचं तोंड छान गोलसर आणि खालचा बूड सपाट रेघेने बंद केलेला, कारण तो मग टेबलावर सपाट बसलाय हे आपल्या डोक्याला माहीत असतं. पण डोळ्याच्या पातळीवरचं वर्तुळ रेघेसारखं दिसतं आणि त्याच्या जितकं खाली जाल तितकं ते उघडत जातं, म्हणजे बूड तोंडापेक्षा जास्त गोल दिसायला हवा. तुमचा मग काचेचा असेल तर बघून खात्री करून घ्या, नसेल तर पाण्याने भरलेला ग्लास डोळ्यासमोरून हळूहळू खाली नेत बघा, पाण्याची पातळी रेघेपासून गोलापर्यंत कशी उमलत जाते ते कळतं.

एलिप्सची टोकंही बघायची. ती कुठेच टोकदार नसतात, अगदी चपट्या एलिप्सलाही कडेला छोटासा गोल वळसा असतोच, डोळ्याच्या कोपऱ्यासारखं टोक आलं की समजायचं चुकलं. ट्रेसिंग पेपर घ्यायचा, एलिप्स त्यावर उतरवायची, आडवी-उभी घडी घालून बघायचं, चारही तुकडे जुळले पाहिजेत. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा हमखास एक तुकडा सुजलेला निघणार.

आणि मग ती कुठल्या कोनात झुकवायची. इथे एक नियम पाठ करून टाका, एलिप्सचा आखूड अक्ष म्हणजे मायनर ॲक्सिस सिलिंडरच्या मधल्या अक्षाच्या रेघेत असतो. चाक काढताय तर त्याच्या आसाची रेघ आधी काढा, आखूड अक्ष तिच्यावर, लांब अक्ष तिला काटकोनात. टेबलावर आडवा पडलेला मग काढताना सगळे तोंडाची एलिप्स उभी ठेवतात आणि मग तो मग मोडल्यासारखा दिसतो, कुठे मोडलाय ते मात्र सापडत नाही. आसाची रेघ मारा, लगेच सापडेल. आणखी एक बारकी गोष्ट, वर्तुळाचा खरा मध्य आणि एलिप्सचा मध्य एक नसतात, वर्तुळाचा मध्य थोडा पलीकडे, लांबच्या कडेकडे सरकलेला असतो, कारण जवळचा अर्धा भाग जास्त मोठा दिसतो. झाकणावर मधोमध बटण काढताना हे लागतं.

प्रमाणं, म्हणजे प्रपोर्शन, यावर कमीच लिहिते कारण हे सगळ्यांना शिकवतात. हात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठ्याने माप. कोपर जरा जरी वाकलं तरी माप बदलतं आणि मग आपण चुकीची मापं फार काटेकोरपणे घेत बसतो. एक दोरा आणि त्याला टोकाला नट बांधून ओळंबा करून ठेवा, तो समोर धरला की कानाच्या खाली खांद्याचा कुठला भाग येतो, खुर्चीचा मागचा पाय सीटच्या कुठल्या बिंदूखाली येतो, सगळं उघड होतं. आणि खुर्ची काढताना खुर्ची काढू नका, तिच्या पायांमधल्या मोकळ्या जागा काढा. त्या जागांना नाव नसतं, म्हणून आपलं डोकं मध्ये लुडबुड करत नाही.

आता व्हॅल्यू, म्हणजे गडद-फिकेपणा, आणि माझ्या मते पहिल्या वर्षाचा सगळ्यात दुर्लक्षित विषय. सगळे शेडिंगच्या मागे. बोटाने घासून गुळगुळीत केलेलं शेडिंग बघून घरचे खूष होतात, पण त्या चित्रात बऱ्याचदा सगळं मधल्या राखाडीतच लोळत असतं, ना धड काळं ना धड पांढरं. म्हणून आधी नऊ पायऱ्यांची पट्टी करायची, पांढऱ्यापासून तुमच्या पेन्सिलीचा जो जास्तीत जास्त काळा आहे तिथपर्यंत. आधी दोन टोकं, मग मधली पायरी, मग मधल्यांच्या मधल्या. डावीकडून उजवीकडे क्रमाने भरत गेलात तर सातव्या घरापर्यंत काळा संपलेला असतो. तपासायला प्रत्येक पायरी वेगळ्या कागदावर करून कापायची, शेजारी-शेजारी चिकटून ठेवायची आणि डोळे किलकिले करून बघायचं. दोन पायऱ्यांमधली प्रत्येक शीव सारखीच ठळक दिसली पाहिजे. कुठे शीव गायब झाली, कुठे खटकन उडी दिसली, त्या पायऱ्या बदलायच्या. सुटे तुकडे असल्यामुळे अख्खी पट्टी परत करावी लागत नाही.

डोळ्यावर विश्वास का ठेवायचा नाही यासाठी दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या ॲडेल्सनचं १९९५ मधलं ते बुद्धिबळाच्या पटाचं चित्र शोधून बघा, सावलीतला 'पांढरा' चौकोन आणि उजेडातला 'काळा' चौकोन हुबेहूब एकाच राखाडी छटेचे आहेत आणि कितीही वेळा कळलं तरी ते तसे दिसत नाहीत. आपला डोळा सावली वजा करून वस्तूचा मूळ रंग सांगायला बघतो. जगायला ते फार उपयोगी, चित्र काढायला तापदायक. म्हणून एका जाड पांढऱ्या कार्डाला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडून ठेवा. एका भोकातून पांढऱ्या कपाची सावलीतली बाजू, दुसऱ्यातून शेजारच्या राखाडी वहीचा उजेडातला भाग. आजूबाजूचं झाकलं गेलं की पांढऱ्या कपाची सावली कित्येकदा वहीपेक्षा गडद निघते. हे पहिल्यांदा बघताना मी कार्ड तीन वेळा खाली-वर केलं.

सावलीत आणखी एक ठरलेली गडबड होते, रिफ्लेक्टेड लाइट. टेबलावरून उडालेला उजेड सावलीच्या भागात दिसतो आणि तो दिसला म्हणून आपण इतके खूष होतो की त्याला उजेडाच्या बाजूएवढाच चमकवतो. डोळे किलकिले करा, सावलीचा भाग एकसंध दिसला तर बरोबर, सावलीला मधेच भोक पडल्यासारखं दिसलं तर तो उजेड दाबा. फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढूनही बघता येतं, फक्त फोन स्वतःच्या मनाने एक्स्पोजर बदलतो, म्हणून वस्तू आणि चित्र दोन्ही एकाच फोटोत येऊ द्या.

रंगाला हेच सगळं लागू, वर आणखी लोचे. भडक पिवळा आणि भडक जांभळा दोन्ही आपल्याला 'भडक' म्हणून सारखे वाटतात, पण पिवळा पट्टीच्या वरच्या टोकाला असतो आणि जांभळा खालच्या. पोस्टर रंगीत असताना उठून दिसतं आणि राखाडी केलं की अक्षरं गायब, असं होतं ते लाल-हिरव्यासारख्या सारख्याच गडद जोड्या घेतल्यामुळे. मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंग मोजायची जी पद्धत बसवली त्यात म्हणूनच रंग कुठला, किती गडद आणि किती तीव्र अशी तीन वेगळी मापं आहेत.

आणि शेजार. शेव्हरल नावाचा केमिस्ट पॅरिसच्या गोबेलाँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता, तिथे तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय. त्याने तपासलं तर काळ्या सुतात काहीच खोट नव्हती, शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या सुतांमुळे तो तसा दिसत होता. त्यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथच लिहिला. पुढे जोसेफ अल्बर्स विद्यार्थ्यांना हेच रंगीत कागद कापून करायला लावायचा, एकाच कागदाचे दोन छोटे तुकडे दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर असे ठेवायचे की ते दोन वेगळे रंग वाटले पाहिजेत. रंग कालवत बसण्यापेक्षा कागद मला जास्त पटतात, कारण तपासणी तिथल्या तिथे होते, दोन्ही तुकड्यांवर त्याच कागदाची एक पट्टी आडवी टाकली की दोन्ही एकच आहेत हे सिद्ध. क्रिटमध्ये कुणी वाद घातला तर पट्टी टाकायची, विषय संपला.

हा अल्बर्स बाउहाउसमध्ये शिकला आणि मग तिथेच शिकवायला लागला. १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला सुरू झालेली ही डिझाइनची शाळा, आपण जे फाउंडेशन करतो त्याचा सांगाडा बराचसा तिथल्या सुरुवातीच्या कोर्सवरून आलाय, जो आधी योहानेस इटेनने चालवला आणि तो १९२३ मध्ये गेल्यावर मोहोली-नागी आणि अल्बर्सने. अल्बर्स मुलांना वर्तमानपत्रं वाटायचा आणि सांगायचा की याचं काहीतरी करा, पण कागदाचा स्वभाव ओळखून आणि वाया न घालवता. किल्ले, मुखवटे, विमानं असलं काही केलेलं त्याला फारसं चालायचं नाही, नुसती घडी घालून कागद उभा केलेला त्याला आवडायचा, कारण मऊ कागद घडीने ताठ होतो हे त्यात कळतं. इथेही बघा, कागद उभा राहिला की नाही हे कागदच सांगतो.

अक्षरांचं थोडक्यात. रोमन ओ हा एचच्या उंचीएवढाच काढला तर लहान दिसतो, म्हणून तो वर-खाली किंचित बाहेर काढतात, फ्यूचुरासारख्या कंपासने काढल्यासारख्या वाटणाऱ्या टाइपफेसमध्येसुद्धा. त्यामुळे पट्टीने मोजून सगळं सारखं आलं म्हणजे बरोबर आलं असं अक्षरांत नसतं, इथे डोळाच खरा. दोन अक्षरांमधली जागा तपासायला शब्द उलटा करा, खालचं डोकं वर, म्हणजे तो वाचता येत नाही आणि नुसते काळे-पांढरे आकार दिसतात. किंवा तीन-तीन अक्षरं उघडी ठेवून बाकीची झाका आणि मधलं अक्षर मध्ये बसलंय का बघा. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते म्हणून वरवर सगळं बांधलेलं वाटतं, पण शिरोरेषा हाताने झाकली की खाली र आणि काना जवळजवळ आल्यावर केवढी पोकळी पडते ते दिसतं.

लेआउट असेल तर आधी काड्यापेटीएवढे थंबनेल, म्हणजे छोटे कच्चे आराखडे, काढा, भरपूर, आणि भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथून जे दिसत नाही ते मोठं केल्यावरही नीट दिसणार नाही. लॅपटॉपवर थेट सुरू करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांचं सबमिशन त्यांच्यापाशी.

राहिलं प्रॉडक्टचं स्केच, म्हणजे अजून अस्तित्वातच नसलेली वस्तू काढायची. इथे समोर मग नाही, आरसा उपयोगाचा नाही, लाल रेघांनी खोका बरोबर आहे एवढंच कळणार. इथली तपासणी म्हणजे दुसरा माणूस. शक्यतो डिझाइनचा नसलेला. कागद त्याच्या हातात द्यायचा आणि फक्त विचारायचं, हे कुठून धरशील आणि आधी काय दाबशील. आणि मग गप्प बसायचं, हे महाकठीण. माझ्या एका हातात धरायच्या दिव्याच्या स्केचवर मैत्रीण सरळ लेन्सच्या बाजूने धरायला गेली, आणि 'अगं नाही, ते पुढचं तोंड आहे' असं अगदी ओठांवर आलेलं गिळून मी नुसतं बघत राहिले तेव्हा कुठे लक्षात आलं की दोन्ही टोकांचा घेर सारखाच काढलाय, हाताची पकड कुठे आहे हे आकारात कुठेच नाही. मग शेजारी धरलेल्या हाताची साधी बाह्यरेषा काढली, बटणाला एक बाण दिला, आणि तोच कागद दुसऱ्या मजल्यावरच्या एकाला दाखवला. त्याने बरोबर धरलं, पण विचारलं की चार्जिंगची पिन कुठे लावायची.